अकरा-चारचा पंखा

औशाहून बदली होऊन मी नांदेडच्या कॉलेजात रुजू झाले, तो दिवस उन्हाळ्यातला होता आणि स्टाफरूमचा पंखा कुणीतरी मुद्दाम बंद करून ठेवला होता. दार ढकलून आत गेले तर सगळे प्राध्यापक घामानं निथळत, पण शाळकरी पोरांसारखे गप्प बसलेले. मधल्या टेबलावर उंच, किडकिडीत, सावळे गृहस्थ वाकून उभे होते. त्यांच्यापुढं स्टीलचे दोन पेले पालथे घातलेले, प्रत्येक पेल्यावर दाढीचं एकेक ब्लेड मेणानं उभं चिकटवलेलं. त्या दोन धारांवर एक बारीक सळई आणि सळईत ओवलेला वीतभर लाकडी पंखा.

"मॅडम, दार लावा. पण हळू. वारा आत येऊन राहिला," ते माझ्याकडं न बघताच म्हणाले.

मी दार लावलं. पंख्याचं एक पातं सावकाश खाली गेलं आणि थांबलं. त्यांनी ते उचललं, खिशातून पॉलिश पेपर काढून दोनदा हलकेच घासलं, फुंकर मारली, परत ठेवलं. आता पंखा आडवा राहिला. कुठंच कलेना. तेव्हा त्यांनी मान वर केली, सगळ्यांकडं बघून हसले आणि म्हणाले, "लावा आता तुमचा पंखा."

हे फिजिक्सचे वाघमारे सर. छोट्या विमानांच्या इंजिनांना पंखे लावणं, ते पारखणं, बदलणं, हे त्यांचं वेड. वेड हा शब्द त्यांना चालत नसे. "वेड न्हाई मॅडम, शिस्त हाय," म्हणायचे. "एक पातं रत्तीभर जड असलं तरी इंजिन थरथरतं. थरथरलं की नट ढिला होतो. नट ढिला झाला की पंखा निघतो. आणि निघालेला पंखा कुणाची ओळख धरत न्हाई."

सरांचं गाव मुखेडच्या बाजूला. कोरडवाहू मुलूख, आठवड्याचा बाजार, एसटीची वाट बघत बसलेली माणसं. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला गेले आणि तिथं एका वयस्क शिक्षकानं त्यांच्या हातात पहिल्यांदा इंजिन दिलं. मुठीएवढं इंजिन, पण त्याचा आवाज छातीत घुमायचा. तिथून पुढं सरांच्या अंगाला एरंडेलाचा वास कायमचा लागला. या इंजिनांचं इंधन म्हणजे मेथॅनॉलमध्ये मिसळलेलं एरंडेल. सोमवारी सर स्टाफरूममध्ये आले की कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, काल जुलाब घेतला का?" सर म्हणायचे, "विमानानं घेतला. मी फक्त जवळ उभा होतो."

पंख्यावर दोन आकडे असतात, हे मला त्यांनीच सांगितलं. पहिला आकडा पंख्याची लांबी, इंचात. दुसरा म्हणजे एका फेऱ्यात पंखा हवेत किती इंच पुढं घुसेल तो. लाकडात स्क्रू घुसतो तसा. त्याला पिच म्हणतात. दहा-सहाचा पंखा वेगात पळवतो. अकरा-चारचा पंखा लांब, पण हवा थोडी-थोडी कापतो. विमान जोरात ओढतो, मात्र पळू देत नाही. इंजिन तेच, विमान तेच, पंखा बदलला की स्वभाव बदलला. सर हे इतकं रंगून सांगत की ऐकणाऱ्याला आपणही आजवर चुकीचा पंखा लावून फिरलो की काय अशी शंका यावी. परीक्षेच्या तोंडावर मी तास वाढवून वाढवून अभ्यासक्रम उरकत होते, तेव्हा एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, "मॅडम, लई पिच लावलाय तुम्ही. पोरांचं इंजिन दमून राहिलंय."

त्यांचं विमान रिमोटवरचं नव्हतं. तारेवरचं होतं. मैदानाच्या मधोमध सर मूठ धरून उभे राहायचे. मुठीपासून विमानापर्यंत दोन बारीक पोलादी तारा. विमान त्यांच्याभोवती गोल फिरायचं आणि त्याच्याबरोबर सरही जागच्या जागी फिरायचे. मनगट वर केलं की विमान वर, खाली केलं की खाली. "तार ताठ पायजे," ते सांगायचे. "तार ताठ हाय तवर विमान आपलं. ढिली पडली की ते वाऱ्याचं."

हे काम एकट्याचं नाही. सरांनी बोटानं पंखा फिरवून इंजिन सुरू करायचं, मग पळत मधे जाऊन मूठ उचलायची. तोपर्यंत गुरगुरणारं विमान कुणीतरी शेपटीकडून धरून ठेवायला लागतं. ते कुणीतरी म्हणजे कुसुमताई, सरांच्या पत्नी. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होत्या. रविवारी सकाळी पदर कमरेला खोचून, उकिडव्या बसून, दोन्ही हातांनी विमानाची शेपटी धरलेली ही बाई बघायला रस्त्यावरची माणसं सायकली थांबवायची. इंजिनातून उडणारं एरंडेल साडीवर यायचं म्हणून रविवारच्या साड्या वेगळ्या ठेवलेल्या. मी पहिल्यांदा मैदानावर गेले तेव्हा मला म्हणाल्या, "या बसा. ह्यांचं लग्न आधी त्या पंख्यासंगं झालंय, मग माझ्यासंगं. मी दुसरी."

"पण पटून राहिलंय दोघींचं," सर म्हणाले.

"मी पटवून घेऊन राहिले म्हणून."

त्या काळात सर स्वतःही पंखे कोरायचे. बाजारचा पंखा मिळायला वेळ लागतो हे एक कारण, आणि दुसरं, आपल्या हातानं कोरलेल्या पंख्याचा त्यांना अभिमान होता. एका हिवाळ्यात जुन्या पलंगाच्या शिसवी खुराचं लाकूड घेऊन त्यांनी फार देखणा पंखा कोरला. काळा, तुकतुकीत, टोकांना पांढरा रंग. फिरताना कडा दिसावी म्हणून. मैदानावर कुसुमताईंनी तो हातात घेतला, उन्हाकडं धरला आणि म्हणाल्या, "अहो, ह्यात रेघ दिसून राहिली."

"लाकडाची रेघ हाय ती. शिसवीला असतेच."

"बुडाजवळ हाय."

"कुसुम, लाकूड मला कळतं का तुला?"

त्या शेपटी धरून बसल्या. सरांनी इंजिन सुरू केलं, इंधन कमी-जास्त करणारी सुई फिरवून आवाज चढवला. आवाज चढत चढत गेला आणि एकदम काडकन काहीतरी मोडलं. इंजिन बोंब मारल्यासारखं ओरडून बंद पडलं. कुसुमताई तशाच बसून होत्या, शेपटी हातात धरून, आणि डाव्या भुवईवरून रक्त गालावर येत होतं.

रिक्षात मी मधे होते. सर एका बाजूला, ताई दुसऱ्या बाजूला, भुवईवर माझा रुमाल दाबलेला. सरांचं तोंड राखेसारखं झालं होतं.  शेवटी ताईच म्हणाल्या, "डोळा वाचलाय. आता रडू नका, रिक्षावाला आरशात बघून राहिला."

टाके पडले, खूण राहिली. सरांनी घरी येऊन आपण कोरलेले सगळे पंखे काढले आणि गुडघ्यावर घेऊन एकेक मोडला. धड असलेलेही. नंतर कितीतरी महिने विमान माळ्यावरून खाली आलं नाही. स्टाफरूममध्ये कुणी विषय काढला तर सर पेपर उघडून बसायचे. सोमवारचा वास गेला. मला वाटलं, संपलं हे.

ते कुसुमताईंनी संपू दिलं नाही. त्यांचा भाऊ हैदराबादला नोकरीला होता, त्याच्याकडून त्यांनी कंपनीचा एक पंखा मागवला. मी त्या दिवशी त्यांच्याकडं चहाला होते. ताईंनी तो कागदातून काढून सरांच्या पुढ्यात ठेवला. "घ्या. ह्याला रेघ न्हाई. मी उजेडात धरून बघितलंय, नख फिरवून बघितलंय."

सर हात लावेनात.

"माझ्या कपाळाचं निमित्त करून घरात बसू नका," ताई म्हणाल्या. "मला तुमचं तसलं तोंड रविवारभर बघवत न्हाई."

तेव्हापासून एक रीत पडली. कुठलाही पंखा असो, आधी कुसुमताईंच्या हातात जायचा. त्या तो उन्हाकडं धरून बघायच्या, काठावरून नख फिरवायच्या, आणि "हाव" म्हणाल्या तरच सर तो इंजिनावर चढवायचे. बारीकशी खोक दिसली तरी सर तिथंच पंखा मोडून टाकत. पुन्हा कुणाच्या चुकून हाती लागू नये म्हणून. पंखे ठेवलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा दोघांच्या मधे उघडा असायचा आणि वारा बघून त्यांची चर्चा चालायची. "आज हवा पडलीय, दहा-सहा चालंल." "कालचं जेवण पचलं का तुमचं? मग लावा दहा-सहा. गरगरलं तर मला सांगायचं न्हाई." भाजी निवडताना नवरा-बायको बोलतात तसं ते पंख्यांवर बोलायचे.

सर निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी मला एकदा त्यांच्या अंगणात तेच पालथे पेले आणि ब्लेडं दिसली. सर सळई ठेवायला जात होते आणि ती ब्लेडवर टिकत नव्हती. पुन्हा ठेवली, पुन्हा खाली. "पेल्याचं बूड वाकडं झालंय," ते म्हणाले. ताईंनी दुसरे पेले आणून दिले. तेही वाकडे निघाले. ताई माझ्याकडं बघत होत्या, आणि मी सरांच्या डाव्या हाताकडं. तो टेबलावर नुसता ठेवलेला असतानाही हलत होता. अंगठा आणि बोट, जणू चिमटीत काहीतरी चोळावं तसे.

कंपवात, डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्यांनी आटोक्यात राहील, जाणार मात्र नाही.

सरांनी ते विद्यार्थ्याला नियम समजावावा तसं मला समजावून सांगितलं. मेंदूतून निघणारा हुकूम हातापर्यंत नीट पोचत नाही, वगैरे. आवाज शांत होता. फक्त शेवटी म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्याची थरथर काढत आलो, मॅडम."

बोटानं पंखा फिरवणं आता धोक्याचं होतं. हात वेळेवर मागं आला नाही तर बोटं जायची. ते काम कुसुमताईंनी घेतलं. लाकडी काठीला रबराची नळी चढवून त्या काठीनं पंख्याला झटका द्यायला त्या शिकल्या. विमान त्यांनी दोरीनं खुंटीला बांधायला सुरुवात केली. इंजिन लागलं की दोरी सोडून शेपटी धरायच्या. साठीची बाई, गुडघे दुखणारी. पण खरी अडचण मधे उभं राहून फिरण्याची होती. सरांची पावलं अडखळू लागली होती. दहा-सहाच्या वेगाला ती पुरी पडत नव्हती. एका रविवारी ते मैदानात फिरता फिरता कोसळले आणि विमान नाकावर आपटलं. ताई विमानाकडं गेल्याच नाहीत. सरांच्या अंगावरची माती झटकत राहिल्या.

विमान दुरुस्त झालं. पुढच्या वेळी डबा उघडला तेव्हा ताईंनी स्वतः एक पंखा काढून सरांच्या पुढं धरला.

"हा लावा."

सरांनी आकडे बघितले. "अकरा-चार? कुसुम, हे म्हाताऱ्याचं विमान होईल."

"मग तुम्ही कोण हाय?"

सर डब्यात दुसरा पंखा शोधू लागले.

"हळू फिरंल. तुम्हाला हळू फिरता येईल," ताई म्हणाल्या. "मला तुम्ही उभे पायजे. विमान काय, पडलं तर परत चिकटवता येतं."

"तार ढिली पडंल."

"वारा नसताना येऊ. पहाट फुटली की येऊ."

सरांनी खूप वेळ तो पंखा हातात धरला. मग दुसऱ्या हाताकडं दिला, कारण पहिला फार हलत होता. आणि म्हणाले, "बरोबर हाय तुझं. हाच पायजे." मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं होते, पंख्याच्या बाबतीत त्यांनी दुसऱ्याचं इतक्या लवकर ऐकल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतरची त्यांची उड्डाणं मी पाहिली आहेत. धुकं विरलेलं नसायचं, मैदानावर कुणी नसायचं. विमान सावकाश, गुणगुणल्यासारखं फिरायचं. सर मधे छोटी-छोटी पावलं टाकत वळायचे आणि कुसुमताई वर्तुळाबाहेर उभ्या राहून विमानाकडं नाही, सरांच्या पायांकडं बघत असायच्या. कसरती बंद झाल्या. नुसती गोल-गोल. पण सरांचा चेहरा, जो दिवसेंदिवस ताठर होत चालला होता, तेवढा वेळ मोकळा व्हायचा.

सगळ्यांनी, खुद्द सरांनीही, गृहीत धरलं होतं की आधी तेच जाणार. ताईंना त्यांनी बँकेचं, विजेच्या बिलाचं सगळं शिकवून ठेवलं होतं. "मी गेल्यावर विमानं एनसीसीच्या पोरांना दे," हेही सांगून झालं होतं. ताई म्हणायच्या, "देते. तुम्ही आधी गोळी घ्या."

आणि एका सकाळी कुसुमताई ओट्यापाशी उभ्या होत्या, छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकून खाली बसल्या. सर पलीकडच्या खोलीत होते. हाक ऐकून उठले, पण त्यांचे पाय जागचे हलेनात. त्या आजारात असं होतं; मनात चालायचं असतं आणि पाऊल जमिनीला चिकटून बसतं. ते दारात उभे राहून ओरडत राहिले. शेजारी धावत आले, गाडी आली, पण दवाखान्यात पोचेपर्यंत ताई गेल्या होत्या.

मी गेले तेव्हा घर पांढऱ्या साड्यांनी भरलं होतं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या, भंतेजींचा संथ आवाज, त्रिशरण, पंचशील. सर खुर्चीत बसून ओठ हलवत होते. त्यांची मुलगी ज्योती, लातूरला दिलेली, त्यांच्या मागं दोन्ही खांद्यांवर हात ठेवून उभी होती. सगळं आटोपल्यावर मी जवळ गेले. ते एवढंच म्हणाले, "चार पावलं होती मॅडम." आणि पुन्हा म्हणाले, "चारच पावलं."

ताईंच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. ज्योतीनं ठरवलं, बाबांना लातूरला न्यायचं. निघण्याच्या आधी सरांचा मला फोन आला. आवाज फार बारीक झाला होता, कान लावून ऐकावा लागायचा. "मॅडम, उद्या सकाळी येता का मैदानावर? ज्योती इंजिन लावंल. शेपटी धरायला कुणी न्हाई."

मी गेले. वारा नव्हता. ज्योतीनं डबा उघडला. सर त्यात बराच वेळ बघत राहिले आणि बोट दाखवून म्हणाले, "दहा-सहा लाव."

ज्योतीनं माझ्याकडं बघितलं. "बाबा, तो लई पळतो. तुम्ही पडाल."

"पडू दे."

ते इतकं हळू म्हणाले की आम्ही दोघींनी ऐकलं नाही असं दाखवू शकलो असतो. पण ऐकलं होतं. ज्योती तिथंच मातीत बसली. रडली नाही. आईसारखीच होती ती बोलायला. म्हणाली, "आईनं तुम्हाला उभं ठेवायला काय काय केलं ते मी बघितलंय. मला नका सांगू पडू दे म्हणून."

 सर मैदानाकडं बघत राहिले. ज्योतीनं अकरा-चारचा पंखा काढला, उजेडाकडं धरला, काठावरून नख फिरवलं आणि त्यांच्या पुढं केला. सरांनी हात लावला नाही, पण मान हलवली. नट तिनंच आवळला.

मी शेपटी धरली. इंजिन लागलं आणि विमानानं हातांना जी ओढ दिली तिची मला कल्पना नव्हती. एवढीशी वस्तू, पण जिवंत जनावरासारखी पुढं निघालेली. इतकी वर्षं कुसुमताई हे धरून बसत होत्या. सरांनी मधे उभं राहून मूठ वर केली, मी सोडलं.

विमान फिरलं. सरांच्या पावलांना जमत होतं, मग जमेना, मग पुन्हा जमलं. ज्योती वर्तुळाच्या काठानं चालत होती. इंधन संपलं, आवाज थांबला आणि विमान अलगद खाली उतरून गवतात थांबलं. सर मूठ धरून तसेच उभे राहिले. तारा जमिनीवर पडल्या होत्या. ज्योतीनं जाऊन बोटं एकेक करून सोडवली. "चांगलं उडलं, बाबा," ती म्हणाली. सर म्हणाले, "तिला सांगायला पायजे," आणि सांगायला कुणी नाही हे त्यांच्या ध्यानात आलेलं आम्हाला दिसलं.

विमानं, इंजिनं, पंख्यांचा डबा, सगळं एनसीसीच्या मुलांकडं गेलं. सर लातूरला गेले. सुरुवातीला फोनवर बोलायचे, मग नुसतं ऐकायचे, मग ज्योतीच सांगायची: आज जेवले, आज चिडले, आज नावं विसरले. वर्ष-सव्वा वर्षानं ते गेले. मला जाता आलं ते दुसऱ्या दिवशी.

त्याआधी एकदा मी औशाला माहेरी गेले होते, तेव्हा वाटेत लातूरला त्यांना भेटून आले. खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. दाढी स्वच्छ केलेली, पांढरा सदरा. चेहऱ्यावर काही हलत नव्हतं, डोळे मात्र माझ्याकडं वळले. मी कॉलेजचं काय-काय सांगत राहिले.  मी उठायला लागले तेव्हा त्यांच्या ओठांची हालचाल दिसली, म्हणून वाकून कान जवळ नेला. "पोचवायला येतो," म्हणत होते.

मी नको म्हणाले. ज्योती म्हणाली, "येऊ द्या मॅडम. त्यांनी स्वतःहून उठायचं म्हटलंय." तिनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि उलटी चालू लागली, त्यांच्या तोंडाकडं बघत, "चला बाबा, हां, अजून, हां," असं तालात म्हणत. सर तिच्या तालावर पाय घासत आले. खोलीतून आले, बैठकीतून आले. आणि उंबरठ्यापाशी थांबले. पाय पुढं येईना.

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी म्हणाले, इथूनच नमस्कार करते सर. ज्योतीनं मला खुणेनं थांबवलं. आपलं एक पाऊल तिनं त्यांच्या पायांपुढं आडवं ठेवलं, ओलांडायला काहीतरी दिसावं म्हणून, आणि हात न सोडता वाट बघत उभी राहिली. सर खाली तिच्या पावलाकडं बघत होते.

मी रिक्षात बसले. रिक्षा वळताना मागं बघितलं. सरांचा उजवा पाय जमिनीवरून जरासा उचललेला होता, आणि बापलेक दारात तसेच उभे होते, कसलीच घाई नसल्यासारखे.